छोटा कॅमेरा की आरशाचा कॅमेरा?



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी बोनस किंवा ग्रॅच्युइटी यांवर बोलेन अशी त्यांची कल्पना असावी. मी ‘कॅमेरा’ म्हटल्यावर त्यांना नवल वाटले. माझे शाळेतले शिक्षण सातवीवर थांबले. पुढे जे शिकलो ते युनियनच्या कामात अडले म्हणून शिकलो. कॅमेरा हा त्यातलाच एक धडा.

2013 साली आमच्या भागातल्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर एका सोबत्याची दोन बोटे गेली. हात आत जाऊ नये म्हणून प्रेसला जाळी असते. ती माल जास्त निघावा म्हणून काढून ठेवली होती. यंत्राला असे आवरण 1948 च्या कारखाने कायद्याच्या 21 व्या कलमाने सक्तीचे होते. एका पोराने मोबाईलवर फोटो काढला. पुढच्या पाळीला जाळी पुन्हा जागेवर! आमच्या हाती उरला तो एक फोटो, आणि त्यात दिसत होता नुसता काळपट रवा. जाळी आहे की नाही यावर साहेबलोक शांतपणे वाद घालीत बसले. त्या आठवड्यात कमिटीने ठरवले की, दर सभासदाकडून वर्गणी घेऊन एक धड कॅमेरा घ्यायचा.

कोणता, यावरून मात्र दोन तट पडले. तरुण मंडळींना डीएसएलआर हवा होता. मला खिशात मावणारा, पण चांगल्यापैकी छोटा कॅमेरा हवा होता. डोळ्यांपुढे दोन नावे होती, दोन्ही 2012 मधली : निकॉन डी 3200 आणि सोनी आरएक्स 100.

आता या दोघांत फरक काय, ते पाहू. डीएसएलआरमध्ये भिंगामागे तिरका आरसा असतो. भिंगातून आलेला उजेड त्यावर आपटून वर जातो आणि आपल्या डोळ्याला दिसतो. कळ दाबली की आरसा खाडकन वर उचलला जातो, पडदा उघडतो आणि उजेड मागच्या सेन्सरवर पडतो. आरशाला हलायला जागा लागते, म्हणून निकॉनमध्ये भिंगाची बैठक आणि सेन्सर यांत 46.5 मिलिमीटर अंतर ठेवलेले असते. कॅमेरा जाडजूड होतो तो यामुळे, कंपनीच्या हौसेने नव्हे. छोट्या कॅमेऱ्यात आरसाच नाही. सेन्सरला जे दिसते तेच मागच्या काचेवर दिसते.

फोटोचा कस ठरतो तो सेन्सरवर एकंदर किती उजेड गोळा झाला यावर. पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर पाणी कुठे जास्त साचेल? त्या काळच्या मोबाईलचा सेन्सर पंधरा-सतरा चौरस मिलिमीटरचा, म्हणजे वाटीसुद्धा नव्हे, चमचा. आरएक्स 100 चा 116 चौरस मिलिमीटर. डी 3200 चा 357, म्हणजे सोनीच्या तिप्पट. तरुण मंडळी इथेच टाळ्या पिटून मोकळी झाली.

पण परात मोठी असून भागत नाही. वरची पन्हळ किती रुंद आहे हेही पाहावे लागते. भिंगाच्या तोंडाचा आकडा जितका लहान तितके तोंड मोठे, आणि हिशेब त्या आकड्याच्या वर्गाने चालतो. डी 3200 बरोबर मिळणाऱ्या नेहमीच्या भिंगाचा आकडा 3.5, सोनीचा 1.8. म्हणजे सोनीचे भिंग पावणेचारपट उजेड आत सोडते. परात तिप्पट, पन्हळ पावणेचारपट! जवळून, रुंद फोटो घेताना छोटा कॅमेरा मोठ्याच्या बरोबरीला येतो, काकणभर सरसच. शॉपमधल्या यंत्राचा फोटो असाच घ्यावा लागतो. हा हिशेब मी कागदावर मांडून दाखवला तेव्हा कमिटीत पहिल्यांदा शांतता झाली.

मात्र लांबचे जवळ आणायला गेलात की सोनीचे भिंग 4.9 वर उतरते, निकॉनचे 5.6 वर. तिथे निकॉनकडे सव्वादोनपटीहून अधिक उजेड जमतो. शिवाय त्याला 50 मिलिमीटरचे 1.8 आकड्याचे भिंग वेगळे घेऊन लावले, तर छोट्याने नाव काढू नये. भिंग बदलता येते हीच डीएसएलआरची खरी श्रीमंती. पण दुसरे भिंग घ्यायचेच नसेल, तर त्या श्रीमंतीचे ओझे तेवढे गळ्यात.

मोर्चात मोठ्याची बाजू वरचढ, हे मी कबूल करतो. त्याचा नेम झटकन बसतो. छोटा पुढे-मागे चाचपडतो, तेवढ्यात घोषणा देणारा हात खाली येतो. मे महिन्याच्या उन्हात मागच्या काचेवर आपलेच तोंड दिसते. बॅटरीही निकॉनची 540 फोटोंची, सोनीची 330 ची.

पण वजन पाहा. सोनी 240 ग्रॅम, निकॉन भिंगासह पाऊण किलोच्या वर. अमेरिकेत लुईस हाईन 1908 पासून गिरण्यांतल्या बालकामगारांचे फोटो घेत असे. मोठा कॅमेरा घेऊन आत शिरायला त्याला कधी बायबल विकणारा, कधी पोस्टकार्डे विकणारा बनावे लागे. मुलांची उंची तो आपल्या जाकिटाच्या गुंड्यांवरून मोजी! आम्हाला सोंग घेणे जमले नसते. अपघात झाला म्हणजे युनियनचा माणूस घरी पिशवी आणायला जाऊ शकत नाही, आणि आरशाचा खटका अख्ख्या शॉपला ऐकू जातो. आम्ही छोटा घेतला.

आज हाच प्रश्न कोणी विचारला तर बाजार बदलला आहे हे आधी सांगावे लागते. कॅनन आणि निकॉन यांनी 2020 नंतर नवा डीएसएलआर काढलेला नाही. बिनआरशाच्या कॅमेऱ्यांनी त्याची जागा घेतली. त्यामुळे जुने डीएसएलआर स्वस्तात मिळतात, आणि लहान युनियनला तो सौदा वाईट नाही. घेताना पडदा किती वेळा उडाला तो आकडा विचारा; साध्या कॅमेऱ्याचा पडदा लाखभर फोटोंच्या बेताने केलेला असतो. भिंगातून बॅटरीचा झोत टाकून बुरशीचे जाळे दिसते का पाहा, आपल्याकडच्या पावसाळ्यात ती हटकून धरते. जुना छोटा कॅमेरा घेताना भिंग चार-पाच वेळा आत-बाहेर करून बघा. अडखळत असेल किंवा आत धूळ गेली असेल, तर अख्खा कॅमेरा उघडावा लागतो. आमचा 2019 साली तसाच बसला, शॉपमधल्या लोखंडाच्या भुकटीने. तोवर त्याने तीन प्रेसवरच्या जाळ्या परत बसवल्या होत्या.