मानाची तलवार मिळाली, म्हणजे जनरल होणारच?

मे आणि नोव्हेंबरच्या अखेरीस खडकवासल्याला, मग जून-डिसेंबरात डेहराडूनला संचलन झालं, की वर्तमानपत्रात एक छायाचित्र ठरलेलं असतं: ताठ उभा छात्र, हातात मानाची तलवार किंवा छातीवर सुवर्णपदक. गावच्या चौकातल्या फ्लेक्सवर तोवर ‘भावी लष्करप्रमुख’ छापूनही झालेलं असतं. कौतुक जरूर करावं. पण ती तलवार आणि पुढची बढती यांचा जो सरळ संबंध लोक लावतात, तो तसा नाही.

आधी एक प्राथमिक घोळ. एनडीएतून, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, बाहेर पडलेला मुलगा अजून अधिकारी झालेला नसतो. खडकवासल्यात तीन वर्षं काढल्यावर लष्कराचा छात्र डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी ॲकॅडमीत एक वर्ष घालवतो आणि मगच त्याला कमिशन मिळतं. एनडीएतलं राष्ट्रपती सुवर्णपदक म्हणजे निम्म्याहून अधिक वाट चालून झाल्याची पावती. डेहराडूनला पुन्हा नवे मानकरी ठरतात. तिथं सुवर्णपदक गुणवत्ताक्रमात पहिला आलेल्याला, तर ‘स्वोर्ड ऑफ ऑनर’ सर्वांगीण कामगिरीत सरस ठरलेल्याला. दोन्ही एकालाच मिळतील असं नाही.

‘तलवारवाला भराभर वर चढतो’

चढत नाही, निदान पहिली तेरा वर्षं तरी. दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर, तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल हे वेळापत्रक डिसेंबर 2004 पासून लागू आहे. ठरलेल्या परीक्षा, वैद्यकीय श्रेणी आणि शिस्तीची पाटी स्वच्छ असली, की तुकडीतला पहिला आणि शेवटचा, दोघेही एकाच सुमारास लेफ्टनंट कर्नल होतात. एखाद्याच्या मुलाला ही बढती मिळाल्यावर ‘निवड झाली’ म्हणून पेढे वाटले जातात. पेढे खावेत, पण निवड अजून व्हायची असते.

मग गुणवत्ताक्रमाचा उपयोग काय? दोन ठिकाणी होतो. एकाच दिवशी कमिशन मिळालेल्यांतली आपसातली ज्येष्ठता त्यावर ठरते. आणि कोणत्या शाखेत जायचं याची पसंती देताना वरचा क्रमांक कामी येतो. हा दुसरा उपयोग दिसतो त्याहून मोठा आहे.

कारगिल युद्धानंतर पलटणींचे कमांडर वयाने तरुण असावेत अशी शिफारस अजय विक्रम सिंग समितीने केली. त्यातून कर्नलची सुमारे दीड हजार पदं टप्प्याटप्प्याने वाढली. ती सगळ्या शाखांना सारखी वाटली गेली नाहीत. ‘कमांड एक्झिट’ नावाच्या धोरणामुळे पायदळ आणि तोफखान्याकडे झुकतं माप गेलं, बाकीच्या शाखांतले अधिकारी न्यायालयात गेले. फेब्रुवारी 2016मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धोरण उचलून धरलं, मात्र मागे राहिलेल्यांसाठी काही जादा पदं निर्माण करायला सांगितलं. थोडक्यात, विशीतल्या मुलाने भरलेला पसंतीचा तक्ता पंधरा वर्षांनी त्याच्या कर्नल होण्याच्या शक्यतेवर परिणाम करून जातो. तलवारीच्या बातमीत हे कधी येत नाही.

‘बोर्डापुढे पदकाचं वजन पडतं’

खरी चाळणी कर्नलपदापाशी लागते. इथून पुढची प्रत्येक पायरी निवड मंडळाकडे: कर्नलसाठी तीन क्रमांकाचं बोर्ड, ब्रिगेडियरसाठी दोन, मेजर जनरलसाठी एक, आणि लेफ्टनंट जनरलसाठी विशेष बोर्ड. गेली पंधराहून अधिक वर्षं ही निवड गुणांवर होते. शंभरपैकी 95 गुण कागदोपत्री मोजले जातात आणि अवघे 5 बोर्डाच्या सदस्यांच्या मूल्यमापनाला असतात. सदस्यांना समोरच्या अधिकाऱ्याचं नावही कळू दिलं जात नाही.

त्या 95 गुणांत गोपनीय अहवाल, कोर्सेसमधली श्रेणी, सन्मान आणि पदकं येतात. पण सिंहाचा वाटा गोपनीय अहवालांचा. थेट वरिष्ठ, त्याचा वरिष्ठ आणि त्याच्याही वरचा असे तिघे हा अहवाल लिहितात. गुण एक ते नऊ. नऊ म्हणजे असामान्य. कागदावर आठ म्हणजे ‘सरासरीहून सरस’, पण आठवर थांबलेल्या अधिकाऱ्याच्या घरी त्या दिवशी सुतक असतं, कारण शेजारच्या युनिटमध्ये नऊची खैरात चाललेली असते आणि शेवटी निकाल दशांश चिन्हाच्या पुढे लागतो. पलटणीची कमान सांभाळताना मिळालेल्या अहवालांना सर्वांत जास्त किंमत. पहिल्या खेपेला नाव आलं नाही तर आणखी दोनदा विचार होतो. तिन्ही वेळा राहिलेला 26 वर्षांच्या सेवेनंतर वेळापत्रकाने कर्नल होतो, पण पलटण त्याच्या हाती येत नाही.

या सगळ्यात विशीत मिळालेलं पदक म्हणजे चाळिशीतल्या माणसाची दहावीची गुणपत्रिका. चांगली असली तर घरात छान दिसते.

‘मग शिकण्यातल्या यशाला किंमतच नाही’

हा उलट टोकाचा गैरसमज, आणि माझ्या मते जास्त घातक. अभ्यासातल्या यशाला किंमत आहे, फक्त ती सेवेत आल्यानंतरच्या यशाला आहे. शाखेच्या शाळेतल्या कोर्सला मिळालेली श्रेणी नोंदली जाते. ‘इन्स्ट्रक्टर ग्रेडिंग’ मिळालेला पुढे तिथंच शिकवायला जाऊ शकतो, आणि लष्करात शिक्षक म्हणून नेमणूक मानाची. निलगिरीतल्या वेलिंग्टनचं स्टाफ कॉलेज तर कारकिर्दीचा सांधाच. स्पर्धा परीक्षा देऊन तिथं जागा मिळवणाऱ्याला पुढे महत्त्वाच्या स्टाफ नेमणुका मिळतात. न मिळवणारेही कर्नल होतात, पण चढ जास्त.

याच्याही वर, महूचा हायर कमांड कोर्स किंवा दिल्लीचं नॅशनल डिफेन्स कॉलेज, तिथं गणित उलटं होतं. अहवाल उत्तम आहेत म्हणून या कोर्सला नाव लागतं, कोर्स केला म्हणून अहवाल उत्तम होत नाहीत.

अमेरिकेच्या आयझेनहॉवर यांचं उदाहरण इथं चपखल आहे. वेस्ट पॉइंटला 1915च्या 164 जणांच्या वर्गात ते 61वे. अकरा वर्षांनी लेव्हनवर्थच्या स्टाफ कॉलेजमध्ये 245 जणांत पहिले. त्यांच्या कारकिर्दीला उपयोगी पडला तो लेव्हनवर्थचा क्रमांक.

तलवार आणि नियम

चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग ॲकॅडमीत 2010 साली दिव्या अजित कुमार या ‘स्वोर्ड ऑफ ऑनर’ मिळवणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. तेव्हा लष्करात महिलांना कायम कमिशन फक्त विधी आणि शिक्षण या शाखांत होतं. त्या गेल्या लष्कराच्या हवाई संरक्षण शाखेत. म्हणजे तुकडीत सर्वोत्तम ठरलेल्या अधिकाऱ्यालाही चौदा वर्षांनंतरची वाट नियमाने बंदच होती. ती उघडली सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी 2020च्या निकालाने. मार्च 2021मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी खोलात जाऊन सांगितलं, की महिलांना पुढे वावच नाही असं गृहीत धरून त्यांचे अहवाल निष्काळजीपणे लिहिले गेले आणि नंतरची कामगिरी मोजलीच गेली नाही.

वरच्या टोकाला तर आणखी वेगळे घटक. जनरल बिपिन रावत डेहराडूनचे तलवारीचे मानकरी होते, हे खरं. पण 2016च्या डिसेंबरात ते लष्करप्रमुख झाले ते दोन ज्येष्ठ अधिकाऱ्यांना डावलून, सरकारच्या निर्णयाने. 1983 साली आपले अलिबागचे अरुणकुमार वैद्य प्रमुख झाले तेव्हा एस. के. सिन्हा ज्येष्ठ होते. वैद्यांच्या नावावर दोन महावीर चक्रं होती, तरी तोही निर्णय सरकारचाच. जनरल व्ही. के. सिंग यांचा वाद तर जन्मसालावरून, 1950 की 1951, 2012मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कारण निवृत्तीची तारीख हलली की मागच्या सगळ्यांची रांग हलते.

हे झालं अधिकाऱ्यांचं; जवानांचं गणित सुटसुटीत. हवालदार किंवा त्यापुढच्या पदासाठी प्रमोशन कॅडर उत्तीर्ण व्हावं लागतं, अहवाल आणि शिस्त ठीक लागते, आणि आपल्या रेजिमेंटमध्ये जागा असावी लागते. बेळगावच्या ज्युनिअर लीडर्स विंगमधून चांगली श्रेणी घेऊन आलेल्याचं पलटणीत नाव होतं, पण जागा रिकामी नसेल तर त्यालाही थांबावं लागतं.

तेव्हा साताऱ्याच्या सैनिक शाळेत किंवा संभाजीनगरच्या सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूटमध्ये (एसपीआय) मुलाला धाडणाऱ्या पालकांनो, डेहराडूनहून तो पदकाशिवाय आला तर तोंड पाडू नका. कर्नलच्या बोर्डाला तेव्हा अजून पंधराएक वर्षं बाकी असतात, आणि त्या बोर्डापुढे जाणारे सर्वांत वजनदार कागद अजून लिहिले जायचे असतात.