न्हाणीच्या दारातला हत्ती

आमच्या घरात दोन भाषा नांदतात. माझं माहेर निपाणीचं, सासर गोकाककडचं. या दोन्ही भाषा पदरात बांधून आम्ही अकरा वर्षांपूर्वी सुरतला आलो. यजमान रिंग रोडवरच्या कापड मार्केटात नोकरीला आणि घर पर्वत पाटियाला. इथे मराठीला तोटा नाही. लिंबायत, गोडादरा, डिंडोली हा सगळा पट्टा जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या माणसांनी भरलेला आहे. कन्नड मात्र आमच्या चार भिंतींतच ऐकू येते, आणि तीही अत्तींमुळे. अत्ती म्हणजे माझ्या सासूबाई.

२०२५ च्या एप्रिलमधली गोष्ट. सकाळी अंघोळ आटोपून अत्ती बाहेर आल्या, ओला पाय न्हाणीच्या दारातल्या मॅटवर ठेवला आणि मॅटसकट घसरल्या. डाव्या हाताचं मनगट मोडलं. वय बहात्तर, त्यात जुना मधुमेह. सहा आठवड्यांचं प्लॅस्टर घेऊन घरी आलो.

ती मॅट मीच आणलेली होती. ऑनलाइन मागवलेली, पोपटी रंगाची, लांब मऊ लव असलेली. पाकिटावर हिरवं पान काढलेलं आणि ‘नॅचरल’, ‘इको-फ्रेंडली’, ‘बांबू’ असे शब्द. प्लास्टिक नको, निसर्गाला त्रास नको, म्हणून चार पैसे जास्तच मोजले होते.

अत्तींनी खुर्चीत बसल्या बसल्या ती मॅट मागून घेतली. धडक्या हाताच्या दोन बोटांनी लव चोळून पाहिली आणि म्हणाल्या, “इद हत्ती अल्लव्वा. नीर कुडियंगिल्ल इद.”

माझा सात वर्षांचा मुलगा खो खो हसत सुटला. “आज्जी, हा हत्ती नाही हे मलापण कळतं! हत्ती एवढा छोटा असतो का?”

तुमच्यासारख्या वाचकांना हे फोड करून सांगायला नकोच. आज्जीचा हत्ती म्हणजे कापूस आणि नातवाचा हत्ती सोंडेचा. त्या दिवसात अत्ती पहिल्यांदा हसल्या. पण रात्री त्या मुलाला हळूच म्हणाल्याचं मी ऐकलं, “मला गावाकडं सोडून ये. तिथली दगडी न्हाणी मला ओळखीची आहे.” त्यानंतर कितीतरी दिवस त्या एकट्या अंघोळीला जायला घाबरत होत्या. एका पायपुसण्यानं घरातलं माणूस घराबाहेर निघालं होतं. म्हणून मी या पायपुसण्यांच्या मागे लागले.

लेबलची मागची बाजू

सगळ्यात आधी ती मॅट उलटी केली. कोपऱ्यात नखाएवढी पट्टी शिवलेली होती. वरची लव पॉलिएस्टर, खालचा थर पीव्हीसी. ‘बांबू’ हे फक्त त्या नक्षीचं नाव होतं! चूक माझीही होतीच. साडी घेताना आपण पदर उलटून पाहतो, पायपुसणं कोण उलटून पाहतं?

बरं, मॅट खरोखर बांबूची असती तर? बांबूच्या काड्या जोडून केलेली पाटासारखी मॅट मिळते, ती बांबूच असते. पण ‘बांबूचं मऊ कापड’ म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा रेयॉन असतं. बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून त्याचे धागे ओढतात. २००९ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने असं रेयॉन ‘बांबू’ म्हणून विकणाऱ्या कंपन्यांवर कारवाई सुरू केली आणि २०१३ साली काही मोठ्या विक्रेत्यांना त्यासाठी साडेबारा लाख डॉलरहून जास्त दंड भरावा लागला. म्हणजे पाकिटावरच्या पानाला भुललेली मी एकटीच नव्हते.

कृत्रिम धाग्यांच्या शहरात कापूस

मग सुती मॅट शोधायला निघाले. आता सुरत म्हणजे कापडाचं शहर, इथे काय तोटा, असं तुम्हाला वाटेल. पण सुरतचं कापड म्हणजे मुख्यतः पॉलिएस्टर. उधना, पांडेसरा भागात रात्रंदिवस खडखडणाऱ्या मागांवर ते विणलं जातं आणि आमच्या घरासमोरून रोज त्याचे गठ्ठे भरलेले टेम्पो जातात. याच पर्वत पाटियावरून पुढे रस्ता जातो तो बारडोलीला, १९२८ च्या सत्याग्रहाच्या गावाला. चरख्याच्या त्या दिवसांच्या वाटेवर उभं राहून मला वितभर सुती पायपुसणं मिळेना!

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. आपल्याकडे पायपुसणं विकत कोण आणत होतं? जुनं लुगडं विरलं की त्याची वाकळ व्हायची. सासरी तिला कौदी म्हणतात. वाकळ फाटली की तिचं पायपुसणं, आणि तेही झिजलं की चुलीजवळचं फडकं. अत्तींची इरकली लुगडी अशीच शेवटच्या धाग्यापर्यंत कामी आली. आता माझ्या कपाटातल्या जुन्या साड्या काढून पाहिल्या तर सगळ्या इथल्याच, पॉलिएस्टरच्या. त्यांचं पायपुसणं करून काय उपयोग? पाणी टिपलंच जात नाही, नुसतं पसरतं.

याचं कारण धाग्यातच आहे. साधारण दमट हवेत ठेवलेला शंभर ग्रॅम कोरडा कापूस हवेतूनच सात-आठ ग्रॅम पाणी शोषून घेतो. ताग तेरा-चौदा ग्रॅमपर्यंत घेतो. पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही घेत नाही. अत्ती म्हणाल्या तेच, ते पाणी पीत नाही. मायक्रोफायबरच्या मॅट पाणी टिपतात हे खरं, पण ते धाग्यांच्या मधल्या बारीक फटींत धरलेलं असतं. शिवाय दर धुण्याला त्यातून प्लास्टिकचे डोळ्यांना न दिसणारे तंतू सुटून गटारात जातात.

इथे चिंध्यांच्या रंगीत मॅटही स्वस्त मिळतात. वाया जाणारं कापड कामी लागतं, ते चांगलंच. पण त्या चिंध्याही बहुधा पॉलिएस्टरच्याच. त्या बाहेरच्या दाराला ठीक, न्हाणीच्या दाराला नाही.

ताग, काथ्या आणि दगड

शेजारच्या जळगावच्या काकूंनी तागाची मॅट सुचवली. दिसायला देखणी, हाताला खरखरीत. आठ दिवस बरी चालली. मग कडा काळपट पडल्या आणि पोत्यासारखा कुबट वास यायला लागला. ताग पाणी भरपूर पितो, पण सतत ओला राहिला की कुजतो. त्याची जागा बैठकीत, कोरड्यात.

काथ्या, म्हणजे तेंगिनकायीच्या सोडणाचा धागा, ओलाव्याला दाद देत नाही. कोकणात आणि केरळात तो खाऱ्या पाण्यात मुरवूनच काढत आले आहेत. चिखलाचे बूट पुसायला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण अंघोळीनंतर मऊ पडलेल्या तळपायाला तो टोचतो. मधुमेहाच्या माणसाला तळपायाचं नीट कळत नाही आणि एखादा ओरखडाही महागात पडतो. म्हणून अत्तींसाठी काथ्या बाद.

हल्ली ‘स्टोन मॅट’ म्हणून कडक पाटासारखी मॅट निघाली आहे. सूक्ष्म शेवाळांच्या सांगाड्यांपासून झालेल्या मातीची ती असते आणि पाणी क्षणात शोषते. पण २०२० च्या डिसेंबरात जपानमध्ये अशा काही मॅटमध्ये ॲस्बेस्टॉस सापडलं आणि लाखोंच्या संख्येने त्या परत घ्याव्या लागल्या. सगळ्याच वाईट असतात असं नाही. पण ‘मातीची आहे, म्हणजे निर्धोक’ एवढ्यावर विश्वास टाकू नये. ती घासायला सँडपेपर देतात, त्याची धूळ घरात उडवायला माझं मन घेईना.

सुती कशी ओळखायची?

फिरून फिरून गाडी अत्तींच्या हत्तीवरच आली. त्यांचे वडील गोकाक फॉल्सच्या सूतगिरणीत होते, त्यामुळे सुताची पारख त्यांना लहानपणापासून. त्यांनी शिकवलेल्या आणि मी पडताळून पाहिलेल्या खुणा अशा:

कडेचे एक-दोन धागे काढून चिमट्यात धरा आणि मोरीत काडी लावा. कापूस कागदासारखा जळतो, वास कागदाचा आणि राख भुरभुरीत. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. राख आणि मणी दोन्ही झाले तर मिश्रण समजावं.

मॅटवर पाण्याचा थेंब टाका. तो गोल उभा राहिला तर सावध व्हा. मात्र नव्या सुती कापडालाही कांजी असते, त्यामुळे पहिल्या दोन-तीन धुण्यांनंतरच त्याची खरी परीक्षा होते.

उलटी करून पाहा. खाली चिकटवलेला प्लास्टिकचा थर असेल तर ती गरम पाण्यात उकळता येत नाही, आणि काही दिवसांनी त्या थराच्या पापुद्र्या सुटतात. दोन्ही बाजूंनी सुती असलेली मॅट घ्या आणि घसरू नये म्हणून खाली रबराची वेगळी जाळी घाला. जाळी नैसर्गिक रबराची असल्यास उत्तम, पण घरात कुणाला रबराची ॲलर्जी नाही ना, एवढं विचारून घ्या.

धुताना सॉफ्टनर घालू नका. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि मॅट पाणी प्यायची थांबते.

बाजारात पाहाल तर सोलापूरचं टेरी टॉवेलचं कापड यासाठी नामी. त्याच्या फासांमुळे पाणी टिपायला जास्त जागा मिळते. सोलापुरी चादरीप्रमाणे या टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. बैठकीसाठी सतरंजी हवी असेल तर आपल्या धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंदच्या स्त्रिया विणतात तो जमखाना पाहा. तोही सुतीच.

सण्ण हाकव्वा!

पण मी मॅट विकत घेतलीच नाही. कापूस पिकवायलाही भरपूर पाणी आणि औषधं लागतात. घरात असलेला कापूस वापरणं हेच सगळ्यात निसर्गाला धरून. माळ्यावर लग्नातली फाटकी सोलापुरी चादर होती, दोन विरलेले टॉवेल होते. अत्तींचा हात प्लॅस्टरमध्ये, म्हणून सुई माझ्या हातात आणि हुकूम त्यांचा. कौदीचा धावदोरा कडेकडून आत आत घालत जायचा. माझा टाका लांबला की लगेच, “सण्ण हाकव्वा!”

पहिली मॅट पाच पदरी केली आणि फसली. जाड झाल्यामुळे दोन दिवस वाळेना, वास मारायला लागली. दुसरी तीन पदरी केली. मग तशा तिन्ही केल्या. एक दारात, एक दोरीवर, एक घडीत. आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यात सोडा घालून बुचकळायच्या आणि कडक उन्हात टाकायच्या.

जूनमध्ये या कामाची परीक्षाच झाली. मुसळधार पावसानंतर खाडीचं पाणी पर्वत पाटियाच्या सोसायट्यांत शिरलं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, म्हणून वाचलो. पाणी ओसरल्यावर रस्त्याकडेला ढीग लागले, त्यात गाद्यांइतकीच फोमची पायपुसणी. चिखलपाणी प्यायलेला फोम स्वच्छ होतच नाही, टाकूनच द्यावा लागतो. तळमजल्यावरच्या काकूंना मी आमच्यातली एक मॅट दिली होती. त्यांनी ती दोनदा धुतली, उकळली, ऊन पडल्यावर वाळवली आणि परत दारात घातली. गुजरातीत पायपुसण्याला पगलूछणियुं म्हणतात. काकूंची गुजराती सून आता मला भेटली की म्हणते, “काकी, ते कानडी पगलूछणियुं मलाही शिकवा ना.”

एक मात्र प्रांजळपणे सांगते. मॅट कितीही चांगली असली तरी ती पडणं थांबवत नाही. आम्ही न्हाणीत भिंतीला पकडायला दांडी बसवली, दिवा मोठा लावला आणि दाराबाहेरची फरशी कोरडी ठेवायची सवय सगळ्यांनी लावून घेतली. मॅटची कड दुमडली तर ताबडतोब बदलायची. म्हाताऱ्या माणसाला तीच कड आडवी येते.

प्लॅस्टर निघाल्यावर पहिल्या सकाळी अत्ती एकट्या अंघोळीला गेल्या. मी स्वयंपाकघरात, पण कान दाराकडे. कडी उघडली. त्यांनी दांडी धरली, एक पाय मॅटवर ठेवला, जरा दाबून पाहिला, मग दुसरा ठेवला. नातू समोर उभा होता. त्याने विचारलं, “आज्जी, हत्ती आहे ना?”

“हत्तीनेप्पा,” अत्ती म्हणाल्या आणि पाय पुसून देवघराकडे वळल्या.

गावाला जायचं त्यांनी अजून पुन्हा काढलेलं नाही.