घाट उतरून समुद्राला

कोल्हापुरापासून रत्नागिरी सुमारे 130 किलोमीटर आहे. सकाळी एसटीत बसलेला माणूस दुपारी समुद्रावर पोचतो. तरीही आपल्या भागातल्या पुष्कळ माणसांनी समुद्र पाहिलेला नाही. पंढरीची वारी दरसाल घडते. जोतिबाचा डोंगर घडतो. समुद्र मात्र राहून जातो.

का, म्हणून विचारले तर माणसे म्हणतात, "पैसा नाही, सवड नाही." ते खोटे नाही. पण आणखी एक कारण आहे. कधी जायचे, आधी कुठे जायचे, राहायचे कुठे, हे ठाऊक नसते. आम्हालाही ठाऊक नव्हते. म्हणून पहिल्या खेपेला आम्ही फसलो.

त्या वर्षी पेरण्या उरकल्या. चार दिवस मोकळे मिळाले. आम्ही चौदा माणसे जूनच्या अखेरीला मालवणात जाऊन पोचलो. सिंधुदुर्ग किल्ला समोर दिसत होता. पण होडी सुटेना. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. मे महिना संपता संपता किल्ल्याच्या होड्या बंद होतात, त्या पावसाचा जोर ओसरल्यावरच सुरू होतात. 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक होड्यांनी मासे धरायलाही सरकारची बंदी असते. हे कोणाही कोळ्याने सांगितले असते. आम्ही विचारले नव्हते. भर पावसात धक्क्यावर उभे राहून किल्ला पाहिला आणि माघारी आलो. आमच्यात सत्तरी ओलांडलेली एक आजी होती. ती म्हणाली, "नुसतं कळसाचं दर्शन झालं म्हणायचं."

दुसऱ्या खेपेला आम्ही आधी वहीत सगळे लिहून काढले. ते तुमच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देतो.

पहिली गोष्ट महिन्याची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने चांगले. हवा कोरडी असते, होड्या चालू असतात, रानही उघडे असते. शाळूची पेरणी होऊन काढणीला अवकाश असतो. ऊसवाल्यांनी मात्र टोळी केव्हा येणार ते पाहून घ्यावे. नाताळचा आठवडा टाळावा. त्या दिवसांत मुंबई-पुण्याची गर्दी किनाऱ्यावर लोटते आणि खोलीचे भाडे चढते. अंगारकी चतुर्थीला गणपतीपुळ्यात हीच गत. मालवणाजवळ आंगणेवाडीला भराडीदेवीची जत्रा भरते, तिला लाखो माणसे येतात. ही जत्रा ठरलेल्या तिथीला नसते. देवीचा कौल घेऊन दर वर्षी दिवस ठरतो. बहुधा फेब्रुवारी-मार्चात येतो. जत्रेलाच जायचे असेल तर गोष्ट निराळी. नाहीतर त्या दिवसांत मालवणात पाठ टेकायला जागा मिळणे कठीण.

घरची व्यवस्थाही आधीच लावावी. म्हशीची धार कोण काढणार? आमच्यातल्या एका बाईचा जीव सहा दिवस गोठ्यात अडकला होता. शेवटी शेजारणीशी ठरले. यंदा तिने धार काढायची, पुढच्या वर्षी हिने.

आता पैशाचे. आम्ही वर्षभर बचत गटात दरमहा थोडी थोडी रक्कम बाजूला टाकली. खर्चाच्या चार ओळी केल्या : प्रवास, मुक्काम, जेवण, आणि होडी-प्रवेश फी. त्यांची बेरीज करून वर तिचा चौथा हिस्सा हाताशी ठेवला. कोणी आजारी पडले, गाडी चुकली, तर तो कामी येतो. सगळे पैसे एकाच्या खिशात ठेवू नयेत. आम्ही तिघांकडे वाटून ठेवले.

प्रवासात मोठी बचत होते ती एसटीच्या सवलतींनी. 2022 सालापासून 75 वर्षांवरच्या माणसांना एसटीला तिकीट पडत नाही. 65 ते 75 वयाच्या माणसांना अर्धे तिकीट. 2023 सालापासून बायकांनाही अर्धे तिकीट. वय दाखवायला आधार कार्ड जवळ हवे. ते मुक्कामाच्या ठिकाणीही मागतात. 'आवडेल तेथे प्रवास' या नावाचा चार दिवसांचा आणि सात दिवसांचा पासही एसटी देते. पास काढला की तेवढे दिवस कितीही फिरा. पण तो काढण्यापूर्वी बेरीज-वजाबाकी करा. बायकांना अर्ध्या तिकिटाचाच प्रवास स्वस्त पडतो का, हे मांडून पाहावे. निघण्याच्या आधी डेपोत जाऊन दर आणि नियम विचारावेत, कारण ते बदलतात. माणसे चाळीसएक असतील तर आख्खी एसटी ठरवता येते. त्याला प्रासंगिक करार म्हणतात. पैसे किलोमीटरवर आकारतात.

आमचा रस्ता असा होता. कोल्हापूरहून आंबा घाट उतरून रत्नागिरी. तेथून गणपतीपुळे. मग दक्षिणेला मालवण. येताना कणकवलीवरून फोंडा घाट चढून दाजीपूरचे रान. तेथून राधानगरीवरून कोल्हापूर. गेलेल्या वाटेने परत यायचे नाही. एका घाटाने उतरायचे, दुसऱ्याने चढायचे. सहा दिवस, पाच मुक्काम.

कोणाची पोरे मुंबईत असतील तर ती कोकण रेल्वेने रत्नागिरीला येऊन मिळू शकतात. 1998 सालापासून ही रेल्वे मुंबईकडून थेट मंगळूरकडे जाते. आमच्यातल्या दोघांचे मुलगे असेच येऊन भेटले.

रत्नागिरीत पाहण्यासारखे पुष्कळ आहे. लोकमान्य टिळक 1856 साली येथेच जन्मले. रत्नदुर्ग किल्ल्यावर भगवतीचे देऊळ आहे, तेथून खाली दूरवर समुद्र दिसतो. आमच्या मनात जास्त राहिला तो थिबा राजवाडा. थिबा हा ब्रह्मदेशाचा राजा. 1885 साली इंग्रजांनी त्याचे राज्य घेतले आणि पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणून ठेवले. वाडा बांधून झाला 1910 साली. 1916 साली राजा तेथेच वारला. तीस वर्षे तो समुद्र पाहत राहिला. त्याचा देश मात्र या समुद्रापलीकडे नव्हता, पूर्वेकडच्या दुसऱ्याच समुद्रापलीकडे होता. (संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात. त्या दिवशी रत्नागिरीत पोचू नका.)

आता समुद्राचे पाणी. ते दिवसातून दोनदा वर चढते आणि दोनदा खाली उतरते. चढते ती भरती, उतरते ती ओहोटी. भरतीची वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते. कोकणातल्या माणसांचा एक सोपा हिशेब आहे. तिथीला तीनाने गुणायचे आणि चाराने भागायचे. आज चतुर्थी आहे. चार त्रिक बारा, भागिले चार, आले तीन. म्हणजे तीनच्या सुमारास भरती, दुपारीही आणि रात्रीही. त्याच्या सहा तास आधी, नऊच्या सुमारास, ओहोटी. अष्टमीला भरती सहाला येते. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, पण बेत आखायला तेवढे पुरते. पौर्णिमेला आणि अमावास्येला पाणी सर्वांत उंच चढते आणि सर्वांत खोल उतरते. त्याला उधाण म्हणतात. आमच्या आजीला लिहिता येत नव्हते तेव्हाही तिथी तोंडपाठ असे. हा हिशेब तिने एका दमात उचलला. मग रोज सकाळी तीच आम्हाला भरतीची वेळ सांगू लागली.

पण वेळ कळली म्हणजे समुद्र कळला असे नाही. येथे आम्ही थोडे थांबून सांगतो, कारण आमचा एक पोरगा जाता जाता वाचला.

विहिरीत आणि नदीत पोहणारा गडी समुद्राला भीत नाही. तोच बुडतो. गणपतीपुळ्यासारख्या किनाऱ्यावर दरवर्षी माणसे बुडतात आणि त्यांत पोहणारेही असतात. याचे कारण असे. लाटा पाणी किनाऱ्याकडे लोटतात. ते सगळे पाणी पुन्हा आत जायला वाट शोधते. वाळूत कुठेतरी खोलगट पट्टा असतो, तेथून ते जोराने आत ओढले जाते. वरून पाहिले तर त्या पट्ट्यावर लाटा फुटताना दिसत नाहीत. पाणी शांत दिसते. नवखा माणूस नेमका तेथेच उतरतो.

आमचा पोरगा तसाच उतरला. कमरेएवढ्या पाण्यात होता, बघता बघता पाय सुटले. तो किनाऱ्याकडे तोंड करून हात मारू लागला आणि मागे मागे जाऊ लागला. त्याच्या चुलत्याने पाण्यात उडी घ्यायला कुडते काढले. जवळच्या एका कोळ्याने त्याचा दंड धरला. म्हणाला, "तू गेलास तर दोन जातील." मग त्याने पोराला ओरडून हाताने खूण केली, आडवा जा, आडवा जा. पोरगा किनाऱ्याला समांतर पोहू लागला. थोड्याच अंतरावर ओढ संपली आणि लाटेने त्याला बाहेर आणले. त्याच्या तोंडातून बराच वेळ शब्द फुटला नाही. आमच्याही नाही.

म्हणून ध्यानात धरा. ओढीत सापडलात तर तिच्याशी झुंजू नका. अंग सैल सोडा, तरंगत राहा, आणि आडवे पोहा. बुडणाऱ्यामागे उडी घेऊ नका. दोर, रिकामा प्लास्टिकचा कॅन, जे तरंगेल ते फेका. जीवरक्षकाला हाक मारा, 112 नंबर फिरवा. ओहोटीच्या वेळी, उधाणाच्या दिवशी आणि दारू पिऊन पाण्यात जाऊ नये. किनाऱ्यावर पाटी असते. पोरगा उतरला तेथून वीस पावलांवर पाटी होती. आम्ही चौदाजण तिच्यासमोरून गेलो. चौदांतल्या अकरांना वाचता येत होते. कोणीच वाचली नव्हती.

तिसऱ्या दिवशी मालवणला गेलो. रत्नागिरीहून चार-पाच तास लागतात. आडबाजूच्या गावांना गाड्या थोड्या असतात. म्हणून कुठेही उतरलात की आधी परतीची शेवटची गाडी किती वाजता ते विचारा, मग पुढे चाला.

चौथ्या दिवशी सकाळी होडी मिळाली. सिंधुदुर्गाचा पाया शिवाजी महाराजांनी 25 नोव्हेंबर 1664 रोजी घातला. बांधायला तीन वर्षे लागली. चारी बाजूंना खारे पाणी असताना किल्ल्यात दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. बाव म्हणजे विहीर. पावसाचे पाणी खडकात मुरून त्यांत उतरते. पाण्यावाचून किल्ला लढत नाही, हे आपल्या दुष्काळी भागातल्या माणसाला निराळे सांगायला नको. शिवराजेश्वराचे देऊळ राजाराम महाराजांनी बांधले. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसाही येथे दाखवतात. आजी तेथून लवकर हलली नाही. होडीवाला हाका मारत होता.

किल्ल्याच्या भोवतालचा समुद्र 1987 साली अभयारण्य म्हणून राखला आहे. पाण्याखाली प्रवाळ असते. ते दगडासारखे दिसते, पण जिवंत असते. तोडून आणू नये.

पाचव्या दिवशी कणकवलीहून फोंडा घाट चढून दाजीपूरला पोचलो. राहायची जागा आधी सांगून ठेवली होती, ते बरे केले. तेथे आयत्या वेळी फार काही मिळत नाही. हे राधानगरी अभयारण्य. 1958 साली दाजीपूरचे रान गव्यांसाठी राखले गेले. महाराष्ट्रातले हे पहिले अभयारण्य. पावसाळ्यात ते बंद असते. नाक्यावर नाव लिहायचे, फी भरायची आणि वाटाड्या घेऊन गाडीतून आत जायचे. पहाटे लवकर गेले तर जनावर दिसते.

गवा राधानगरी-भुदरगडच्या शेतकऱ्याला नवा नाही. उसात येतो, नासधूस करतो. पण रानात तो निराळा दिसतो. काळे तुकतुकीत अंग, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. मोठ्या नराचे वजन 800 किलोच्याही वर जाते. तो म्हशीचा नव्हे, गाईचा भाऊबंद. होऊन अंगावर येत नाही, पण एकट्या नराच्या आणि पिलाच्या आईच्या जवळ जाऊ नये. मागे धावू नये. डिसेंबर 2020 मध्ये एक गवा वाट चुकून पुण्यात कोथरूडला आला. माणसांनी गिल्ला केला, मागे पळाली. तो जनावर पळून पळून मेला. रानात गेल्यावर आमच्या पोरांनी ही गोष्ट आठवून तोंडातून चकार शब्द काढला नाही, आणि आम्हाला सात गवे दिसले.

येथे पडणाऱ्या पावसाची गंमत वाटाड्याने सांगितली. घाटाच्या कड्यावरून पश्चिमेला गेलेले पाणी कोकणातून जवळच्या समुद्राला मिळते. पूर्वेला वळलेले पाणी भोगावतीत येते. तेथून पंचगंगा, मग कृष्णा, आणि पार आंध्रात जाऊन पूर्वेच्या समुद्राला. वाटेत राधानगरीचे धरण लागते. त्याचे काम राजर्षी शाहू महाराजांनी सुरू केले. त्याला सात दरवाजे असे आहेत की पाणी ठरावीक उंचीच्या वर गेले की ते दाबाने आपोआप उघडतात. आपल्या उसाला मिळते ते हेच पाणी.

सोबत काय न्यावे? दशम्या, शेंगदाण्याची चटणी, डोक्याला टोपी किंवा पदर, रानात जाताना मातकट रंगाचे कपडे, नेहमीची औषधे, आणि पाण्याची बाटली. परतताना सुकी मासळी घ्याल तर घट्ट डब्यात घ्या. आमच्यातल्या एकाने कागदात गुंडाळून घेतली आणि कंडक्टरने आम्हा सगळ्यांना मागच्या बाकांवर बसवले.

सहाव्या दिवशी संध्याकाळी घरी आलो. रात्रीच वहीतला हिशेब केला. राखून ठेवलेला चौथा हिस्सा थोडा उरला होता. तो वाटून न घेता पुढच्या सहलीच्या खात्यात टाकला. आजीने एका बाटलीत समुद्राचे पाणी भरून आणले होते. ज्या शेजारणीने म्हैस सांभाळली, तिला चाखून बघायला दिले.