प्रोस्टेटचा कर्करोग आणि हृदयाची काळजी

साठी उलटलेल्या पुरुषास प्रोस्टेटचा, म्हणजेच पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग झाला की घरातील सर्वांचे लक्ष एकाच आकड्याकडे लागते. तो आकडा म्हणजे रक्तातील पीएसए. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील रुग्ण उपचारासाठी परळच्या टाटा रुग्णालयात जातात. पीएसए उतरल्याचा रिपोर्ट घेऊन ते लोकलने परतले की घरात समाधान पसरते. ते योग्यच आहे. परंतु त्याच रुग्णाचा रक्तदाब व साखर कोणी पाहते काय? हा कर्करोग पुष्कळदा सावकाश वाढतो. त्यामुळे कर्करोगातून निभावलेले अनेक रुग्ण हृदयविकाराने दगावतात.

याचे एक कारण वाढते वय व जुन्या सवयी हे होय. दुसरे कारण उपचारात आहे. हा कर्करोग टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकावर पोसला जातो, हे डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली अमेरिकेत दाखवून दिले. त्यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणून रोग पसरलेला असल्यास शस्त्रक्रियेने वृषण काढतात किंवा ठराविक महिन्यांनी इंजेक्शन देऊन हे संप्रेरक थांबवितात. त्याने कर्करोग आटोक्यात येतो. मात्र पोटावर चरबी चढते, स्नायू झिजतात, साखर व कोलेस्टेरॉल वाढते, हाडे ठिसूळ होतात. बँकेच्या भाषेत सांगायचे तर एका खात्यात जमा आणि दुसऱ्या खात्यात नावे! २०१० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा अनेक इंजेक्शनांच्या माहितीपत्रकात मधुमेह व हृदयविकाराचा इशारा छापण्यास सांगितले.

याचा अर्थ इंजेक्शन बंद करावे असा मुळीच नाही. पुढील गोष्टी मात्र कराव्यात :

१) उपचार सुरू होण्यापूर्वी व नंतर नियमितपणे रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल व वजन तपासावे. रक्तदाब व साखरेसाठी परळ गाठण्याची गरज नाही. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय किंवा जवळचा दवाखाना पुरेसा आहे.

२) पूर्वी हृदयविकार झाला असल्यास कर्करोगाच्या डॉक्टरांना ते आधीच सांगावे.

३) विडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री व दारू सोडावी.

४) दररोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस भरभर चालावे. स्नायूंसाठी डॉक्टरांना विचारून हलके वजन उचलण्याचा व्यायाम करावा.

५) दिवसभरात मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून कमी असावे. लोणचे, पापड, फरसाण, वडापाव यांना आवर घालावा. डाळी, पालेभाज्या व फळे वाढवावीत.

६) रक्तदाबाची गोळी मनाने बंद करू नये, अॅस्पिरिनही मनाने सुरू करू नये.

छातीत दडपण, घाम वा धाप लागल्यास ‘गॅस झाला असेल’ म्हणून घरी थांबू नये, त्वरित रुग्णालय गाठावे.

या आजाराविषयी बोलण्यास पुरुष संकोचतात. अशा वेळी घरातील शिकणाऱ्या मुलामुलींनी पुढे यावे. एका वहीत तारीखवार पीएसए, रक्तदाब, साखर व वजन लिहून ठेवावे आणि प्रत्येक खेपेस ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी. आजोबांसाठी किंवा वडिलांसाठी एवढे करणे कोणत्याही विद्यार्थ्यास सहज शक्य आहे.