कुलूपबंद कॉलेज, उघडं कोठार

मुलांनो, मंगळवेढ्याला कधी गेला आहात का? पंढरपूरहून एस.टी.त बसलात की तासाभरात तुम्ही तिथे पोचता. सोलापूर जिल्ह्यातला हा तालुका. काळीभोर जमीन आणि त्या जमिनीत पिकणारी मालदांडी ज्वारी ही त्याची ओळख. हिवाळ्यात नजर जाईल तिथपर्यंत ज्वारीच ज्वारी! म्हणून तर मंगळवेढ्याला 'ज्वारीचे कोठार' म्हणतात.

ही संतांचीही भूमी. चोखोबांचे वास्तव्य इथले, कान्होपात्रेचा जन्म इथला. आणि दामाजीपंत तर मंगळवेढ्याचे अगदी घरचे! पंधराव्या शतकातली त्यांची गोष्ट आजी-आजोबांनी तुम्हाला सांगितलीच असेल. दामाजीपंत हे बिदरच्या बादशहाचे अंमलदार. एकदा मोठा दुष्काळ पडला. लोक अन्नावाचून तडफडू लागले, आणि सरकारी कोठारे मात्र धान्याने भरलेली! दामाजीपंतांनी बादशहाच्या हुकमाची वाट पाहिली नाही. कोठारे उघडली आणि धान्य वाटून टाकले. पुढे विठ्ठलानेच विठू महाराचे रूप घेऊन बिदरला जाऊन त्या धान्याचे पैसे भरले, असे कथा सांगते.

आता तुम्ही म्हणाल, "अहो, लेखाच्या नावात कॉलेज आहे, मग ही कोठारांची गोष्ट मध्येच कुठून आली?" जरा धीर धरा. फिरून आपल्याला कोठाराकडेच यायचं आहे, बरं का!

सुट्टी लागली ती संपेचना

२०२० साल आठवतंय? आज सातवी-आठवीत असणारी मंडळी तेव्हा पहिली-दुसरीत असतील. तोंडावरचा मास्क, दहादा हात धुणे आणि अंगणातसुद्धा खेळायला बंदी, एवढे तुम्हाला नक्की आठवत असेल. पण त्याच वेळी तुमची एखादी ताई किंवा दादा कॉलेजात असेल, तर त्यांचे काय झाले, हे तुम्ही कधी विचारलंय का?

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची साथ ही जगभरची महामारी असल्याचे जाहीर केले. मार्चच्या मध्यावर महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजांना कुलपे लागली आणि २५ मार्चपासून सगळ्या देशात टाळेबंदी सुरू झाली. पुण्या-सोलापूरला शिकणारी मुले मिळेल त्या वाहनाने गावी परतली. कित्येकांची वह्या-पुस्तके हॉस्टेलच्या खोलीतच राहिली. "पंधरा दिवसांनी जायचंच आहे की!" असे तेव्हा सगळ्यांनाच वाटत होते.

पण पंधरवड्याचे महिने झाले. १ जुलैला आषाढी एकादशी आली. शेकडो वर्षे पायी चालत येणारी वारी त्या वर्षी निघालीच नाही. संतांच्या पादुका एस.टी. बसमधून पंढरपूरला आणाव्या लागल्या! जिथे वारी थांबली, तिथे कॉलेजची काय कथा?

एका विद्यापीठाची अनेक दारे

विद्यापीठ म्हणजे काय, हे आधी थोडक्यात समजून घेऊ. पूर्वी सोलापूर जिल्ह्यातली कॉलेजे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. एकाच जिल्ह्यासाठी असलेले हे विद्यापीठ. २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव देण्यात आले. अभ्यासक्रम ठरवणे, परीक्षा घेणे आणि पदवी देणे हे विद्यापीठाचे काम. रोजचे शिकवणे मात्र गावोगावच्या कॉलेजांत चालते. मंगळवेढ्यातले श्री संत दामाजी महाविद्यालय हे असेच एक कॉलेज.

तालुक्याच्या गावी कॉलेज असणे ही किती मोठी गोष्ट आहे, ते शहरातल्या मुलांना चटकन कळणार नाही. मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडची गावे वर्षानुवर्षे पाण्यासाठी झगडणारी. तिथल्या वाडी-वस्तीवरची मुलगी सकाळी भाकरी बांधून घेते आणि एस.टी. पकडून कॉलेजला येते. तिच्यासाठी कॉलेज म्हणजे नुसते तास नव्हेत. ग्रंथालय, मैत्रिणी, गॅदरिंग, खेळाचे मैदान आणि "मला हे समजलं नाही, सर" असे विचारायची जागा, हे सगळे मिळून कॉलेज होते. २०२० मध्ये हे सगळे एका वितीएवढ्या मोबाइलमध्ये बसवायचे ठरले!

दीड जीबीचे गणित

चला, एक सोपे गणित करू. समजा, या ताईच्या घरी एकच स्मार्टफोन आहे आणि त्यात रोज दीड जीबी डेटा मिळतो. एका तासाच्या चित्रासह चालणाऱ्या वर्गाला साधारण अर्धा जीबी लागतो. मग दिवसात किती तास होतील? तीन. ताईचे तास आहेत चार. शिवाय धाकट्या भावाची शाळाही त्याच फोनवर! आणि अण्णांना कांद्याचा भाव विचारायला तोच फोन शेतावर न्यायचा आहे. आता सांगा, फोन कोणाला मिळणार?

हे गणित आपण समजून चाललेले असले, तरी खोटे नाही. २०१७-१८ मध्ये केंद्र सरकारने देशभर एक मोठी पाहणी केली होती. ग्रामीण भारतातल्या दर १०० घरांपैकी सुमारे १५ घरांतच इंटरनेटची सोय असल्याचे तीत आढळले. संगणक तर १०० पैकी ४-५ घरांतच होता. शहरांत इंटरनेट १०० पैकी ४२ घरांत होते. म्हणजे शहरातसुद्धा निम्म्याहून जास्त घरे त्याविना होती. साथीच्या आधी दोनच वर्षांची ही स्थिती!

म्हणून मग गच्चीवर, टेकाडावर, झाडाखाली, जिथे 'रेंज' मिळेल तिथे मुले जाऊन बसू लागली. बाई तिकडे शिकवत आहेत, आणि इकडे चित्र मध्येच थिजलेले. "आवाज येतोय का? हॅलो, आवाज येतोय का?" हे त्या वर्षाचे सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेले वाक्य असावे!

तो एक थेंब

काही विषय ऐकून समजतात. इतिहास, मराठी, अर्थशास्त्र हे कसेबसे फोनवरून शिकता येईल. पण रसायनशास्त्राचा प्रयोग?

बी.एस्सी.ला एक प्रयोग असतो. शंकुपात्रात आम्ल घ्यायचे, त्यात फिनॉल्फ्थेलिनचे दोन थेंब टाकायचे आणि वरून ब्युरेट नावाच्या उभ्या काचनळीतून अल्कली थेंब-थेंब सोडायचे. बराच वेळ काहीच होत नाही. आणि मग एका थेंबाला सगळे पाणी फिकट गुलाबी होते! तिथेच थांबायचे. त्यापुढे आणखी दोन थेंब पडले, की रंग गडद झाला आणि प्रयोग फसला. हात कुठे थांबवायचा, हे हातालाच शिकावे लागते. पडद्यावर तो रंग दिसतो, पण हात शिकत नाही. पोहण्याचे पुस्तक वाचून कोणी पोहायला शिकतो का? तसेच हे!

परीक्षा होणार की नाही?

सगळ्यात मोठा घोळ झाला तो शेवटच्या वर्षाच्या परीक्षेचा. साथ जोरात असताना लाखो मुलांना एकत्र बसवणे धोक्याचे आहे, म्हणून परीक्षा न घेता पदवी द्यावी, असे महाराष्ट्र सरकारचे म्हणणे. परीक्षा घेतलीच पाहिजे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाचे म्हणणे. आयोगाने ६ जुलै २०२० रोजी तशा सूचना काढल्या. वाद दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेला. २८ ऑगस्टला न्यायालयाने निकाल दिला. साथीमुळे राज्याला परीक्षेची तारीख पुढे ढकलून मागता येईल, पण परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही.

मग ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी परीक्षा घेतल्या. बहुतेक मुलांनी त्या घरी बसून मोबाइलवर दिल्या. पानेच्या पाने लिहायची सवय असलेल्या मुलांपुढे आता चार पर्याय आले. योग्य पर्यायावर बोट टेकवायचे, की झाले! काही विद्यापीठांची संगणक यंत्रणा ऐन वेळी अडली आणि मुलांचा जीव टांगणीला लागला.

पुढे या मुलांना एक टोमणाही ऐकावा लागला. 'कोरोना बॅच'! जणू काही त्यांनी पदवी फुकट मिळवली. मुलांनो, असे कोणाला म्हणू नका बरं! घरात आजारी माणूस, हाताला काम नाही, फोनला रेंज नाही, आणि परीक्षा होणार की नाही तेही ठाऊक नाही. अशात जो अभ्यासाला बसला, त्याची परीक्षा चार पर्यायांपेक्षा खूप मोठी होती.

न्यूटन आणि हाफकिन

साथीमुळे कॉलेज बंद पडण्याची ही काही पहिली वेळ नव्हे. १६६५ मध्ये इंग्लंडात प्लेग पसरला आणि केंब्रिज विद्यापीठ बंद झाले. नुकताच बी.ए. झालेला एक तरुण आपल्या वूल्सथॉर्प गावी परतला आणि १६६७ मध्ये पुन्हा विद्यापीठात गेला. मधल्या काळात त्याने गणित, प्रकाश आणि गुरुत्वाकर्षण यांवर विचार केला. त्याचे नाव आयझॅक न्यूटन!

टाळेबंदीत कित्येक वडीलधाऱ्यांनी ही गोष्ट मुलांना ऐकवली. "बघ, न्यूटननं घरी बसून काय केलं, आणि तू?" पण गोष्ट पुरती सांगायला हवी. न्यूटनच्या आईची शेतीवाडी होती. पोटाची चिंता नव्हती. केंब्रिजमध्ये चार वर्षे शिकलेले डोक्यात होते आणि विचार करायला निवांत वेळ होता. हे सगळे असेल तर घरही विद्यापीठ होते. नसेल तर?

दुसरी गोष्ट आपल्या मुंबईची. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पाहता पाहता साथ पसरली. त्या वेळी वाल्डेमार हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत कामाला लागले. काही महिन्यांतच त्यांनी प्लेगची लस तयार केली. ती आधी कोणाला टोचली, ठाऊक आहे? स्वतःला! ती तारीख होती १० जानेवारी १८९७. परळच्या संस्थेला त्यांचेच नाव आहे.

आणि योगायोग पाहा. २०२१ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातली कॉलेजे निम्म्या हजेरीवर उघडली होती, पण दुसऱ्या लाटेने ती पुन्हा बंद पाडली. अखेर २० ऑक्टोबर २०२१ पासून दारे उघडली ती लस घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा थोडे दिवस बंद राहून कॉलेजे एकदाची सुरू झाली.

कोठार कोणी उघडले?

आता चला आपल्या दामाजीपंतांकडे!

टाळेबंदीत ज्ञान काही संपले नव्हते. पुस्तके होती, शिक्षक होते, इंटरनेटवर व्याख्यानांचे डोंगर होते. कोठार भरलेले होते. पण त्याला कुलूप होते. कोणाला फोनचे, कोणाला रेंजचे, कोणाला रिचार्जच्या पैशांचे. दुष्काळात जसे कोठार भरलेले असूनही माणसे उपाशी होती, तसेच हे नाही का?

आणि कुलूप उघडणारेही होते. ठिकठिकाणच्या शिक्षकांनी पाहिले, की चित्रासह वर्ग मुलांना परवडत नाही. मग त्यांनी दहा मिनिटांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून पाठवले. त्याला दोन-तीन एमबी पुरतात! कोणी हाताने टिपणे लिहून त्यांचे फोटो पाठवले. कोणी रात्री उशिरा फोनवर शंका सोडवल्या, कारण घरातला फोन मुलांच्या हाती तेव्हाच पडे. कोणी मैत्रिणीला आपल्या फोनवर शेजारी, पण हातभर अंतर ठेवून, बसवून घेतले.

सोलापूर जिल्ह्यातलेच एक उदाहरण तर जगाने पाहिले. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी 'ग्लोबल टीचर प्राइझ' जाहीर झाले. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापून त्यांनी पुस्तकाला आवाज आणि चित्रे जोडून दिली होती. बक्षीस होते १० लाख डॉलरचे. त्यांनी काय केले? अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या उरलेल्या ९ शिक्षकांना वाटून टाकली!

पण सगळीच कुलपे उघडली नाहीत, हेही सांगायला हवे. काही दादा कामाला लागले ते कॉलेजात परत आलेच नाहीत. शाळा आणि ज्युनियर कॉलेजे बंद असताना महाराष्ट्रात अनेक बालविवाह अधिकाऱ्यांना रोखावे लागले, त्यांत सोलापूर जिल्ह्यातलेही होते. कॉलेजचे दार बंद झाले, की सगळ्यांत आधी मुलींची वाट बंद होते.

म्हणून आई-बाबांनो, दोन शब्द तुमच्याशीही. घरात एकच फोन असेल आणि ताई-दादा दोघांनाही अभ्यास असेल, तर तो आधी कोणाच्या हातात जातो? साथ गेली, पण हा प्रश्न गेलेला नाही.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एक काम. या रविवारी कॉलेजात गेलेल्या कोणालाही, ताईला, दादाला, काकाला, मामीला हे तीन प्रश्न विचारा. २०२० मध्ये तुम्ही कुठे बसून अभ्यास केला? तेव्हा तुम्हाला कोणी मदत केली? आणि तुमच्या वर्गातलं कोण पुन्हा परत आलं नाही? उत्तरे वहीत लिहून ठेवा, तारीख घालून. तिसऱ्या प्रश्नाला कदाचित समोरचा माणूस थोडा वेळ गप्प बसेल. घाई करू नका. थांबा आणि ऐका.

मग सोमवारी शाळेत जाल, तेव्हा गैरहजर मित्राची वही पूर्ण करायला आपली वही द्या. छोटंसं का होईना, तेही एक कोठार उघडणंच आहे!