घराची तुळई आणि कर्जाची मुदत

दिवाळीच्या तोंडावर घराला रंग देणे ही एक गोष्ट, आणि घराचा पाया, भार वाहणाऱ्या भिंती, तुळया व स्लॅब यांची दुरुस्ती करणे ही अगदी निराळी गोष्ट होय. पहिलीचा खर्च मासिक मिळकतीतून, फार तर बोनसाच्या रकमेतून भागतो. दुसरीसाठी लाखांची रक्कम लागते, आणि ती बहुधा हाती नसते तेव्हाच लागते. घर काही आपली सोय पाहून जुने होत नाही.

अशा एका कुटुंबाची कल्पना करा. वडिलांनी पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी बांधलेले दुमजली घर आहे. माजघरावरील स्लॅबचा गिलावा निखळून गंजलेल्या सळ्या दिसू लागल्या आहेत आणि पश्चिमेच्या भिंतीला तिरकी भेग पडली आहे. अभियंत्याने घर पाहून सांगितले आहे की, याच अवस्थेत आणखी एक पावसाळा काढू नये. घरचे कर्ते गृहस्थ पुढील जानेवारीत सेवानिवृत्त होणार आहेत आणि त्यांना ग्रॅच्युइटीची रक्कम मिळणार आहे. परंतु आज फेब्रुवारी महिना आहे. पैसा येणार जानेवारीत आणि छप्पर सुरक्षित व्हावयास हवे मृग नक्षत्रापूर्वी!

काम आणि पैसा यांच्यातील हे अंतर जोडण्यासाठी जे कर्ज काढावे लागते, ते अल्पमुदतीचे कर्ज होय. बँकेत यालाच ‘ब्रिज लोन’ म्हणतात, आणि हे नाव सार्थ आहे. पुलाला दोन तीर लागतात. पैसा कोठून घ्यावयाचा हा झाला अलीकडचा तीर; तो कशातून आणि केव्हा फेडावयाचा हा पलीकडचा. पलीकडचा तीर निश्चित दिसत नसेल, तर असा पूल बांधावयास घेऊ नये.

आधी अभियंता, मग बँक

पुष्कळ कुटुंबांत क्रम उलटा होतो. आधी कर्ज मंजूर होते, मग कंत्राटदार येतो, आणि भिंत फोडल्यावर अभियंत्याची आठवण होते. हा क्रम महाग तर पडतोच, पण प्रसंगी जीवघेणाही ठरतो. मुंबईत घाटकोपर येथे २५ जुलै २०१७ रोजी एक निवासी इमारत कोसळून १७ माणसे मृत्युमुखी पडली. तळमजल्यावर चाललेल्या नूतनीकरणाच्या कामात इमारतीच्या खांबांना धक्का लावला गेला, असा आरोप त्या वेळी झाला होता. कोणती भिंत केवळ आडोशाची आणि कोणती वरचा मजला तोलणारी, हे डोळ्यांनी पाहून गवंड्यालाही नेहमी सांगता येत नाही. त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अहवाल घ्यावा. त्याचे शुल्क ही कर्जाच्या रकमेतील सर्वांत मोलाची बचत समजावी.

आपण सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीत राहत असाल, तर खांब, तुळया व स्लॅब हा एकट्या सदनिकाधारकाचा प्रश्न राहत नाही. महाराष्ट्रातील आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरील इमारतीची तीन वर्षांतून एकदा करावयाची असते. त्याच उपविधींत बांधकामखर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम दरवर्षी सिंकिंग फंडासाठी वेगळी काढण्याची तरतूद आहे. ज्या संस्था हा निधी नियमाने साठवीत आल्या, त्यांना मोठ्या दुरुस्तीच्या वेळी सभासदांकडे हात पसरावे लागत नाहीत. आपल्या संस्थेत हा निधी किती जमला आहे, हे पुढच्या सर्वसाधारण सभेत अवश्य विचारा.

अहवाल हाती आल्यावर कामाचे अंदाजपत्रक टप्प्यांनी मांडून घ्यावे : टेकू देणे व पाडकाम, पाया व खांब, तुळया व स्लॅब, छप्पर व गळतीबंदी, आणि शेवटी गिलावा व रंग. जुन्या घराच्या पोटात काय दडले आहे, ते उघडल्याशिवाय कळत नाही. यास्तव अंदाजाच्या रकमेत निदान पंधरा-वीस टक्के वाढ धरूनच गरज ठरवावी. पाच लाखांचे काम असेल, तर सहा लाखांची तजवीज हवी.

रक्कम एकदम की टप्प्याने?

आपल्या कुटुंबाचेच उदाहरण पुढे नेऊ. त्यांना पाच लाख रुपये कर्जाऊ हवे आहेत, आणि हिशेब सोपा व्हावा म्हणून व्याज दरमहा शेकडा एक रुपया, म्हणजे वर्षाला बारा टक्के, असे धरू. मुद्दल जानेवारीअखेर एकरकमी फेडावयाचे आणि तोवर दरमहा केवळ व्याज भरावयाचे, असा ठराव आहे.

सगळे पाच लाख १ फेब्रुवारीलाच उचलले, तर दरमहा ५,००० प्रमाणे बारा महिन्यांचे व्याज ६०,००० रुपये होईल. त्याऐवजी कामाच्या पाच टप्प्यांप्रमाणे फेब्रुवारी ते जून या काळात दर महिन्याच्या पहिल्या तारखेस एकेक लाख उचलला, तर व्याज ५०,००० रुपयेच पडेल. दहा हजारांची ही बचत केवळ शिस्तीची आहे. शिवाय न उचललेली रक्कम हाताशी नसल्यामुळे उंची फरशीचा व शोभेच्या छताचा मोह आपोआप आवरतो, आणि काम पाहिल्याशिवाय कंत्राटदाराला पैसा मिळत नाही. म्हणून रक्कम टप्प्याने देणारे कर्ज किंवा ओव्हरड्राफ्टची सोय यांना प्राधान्य द्यावे.

आता हेच पाच लाख दहा टक्के दराने पाच वर्षांच्या मासिक हप्त्यांनी फेडावयाचे ठरले, तर हप्ता सुमारे १०,६२४ रुपये येईल आणि एकूण व्याज सुमारे १,३७,००० रुपये होईल. अल्पमुदतीचे कर्ज दराने महाग असूनही एकूण खर्चाने स्वस्त पडते, ते असे. परंतु ही स्वस्ताई ग्रॅच्युइटी वेळेवर मिळण्यावर अवलंबून आहे. ती सहा महिने लांबली, तर ३०,००० रुपये व्याज वाढेल, आणि मुदत टळल्याचे दंडशुल्क निराळे.

पैसा कोठून घ्यावा

घरात मुदत ठेव असेल, तर ती मोडण्यापूर्वी तिच्या तारणावर कर्ज मिळते का ते पाहावे. त्याचा दर ठेवीच्या दराहून साधारणतः एक-दोन टक्क्यांनीच अधिक असतो आणि कागदपत्रांची दगदग फारशी नसते. घरावर पूर्वीचे गृहकर्ज चालू असेल, तर त्याच बँकेकडून दुरुस्तीसाठी वाढीव कर्ज मिळू शकते. ते सहसा व्यक्तिगत कर्जाहून स्वस्त असते. नोकरदारांच्या पतपेढ्यांनी अशा अडचणींत पुष्कळ संसार सावरले आहेत. तेथे मात्र जामीनदार द्यावे लागतात, आणि आपला हप्ता चुकला तर झळ त्या स्नेह्याला लागते, याचे भान हवे. सोन्याचे तारण तातडीच्या प्रसंगी उपयोगी पडते. तथापि दागिने सोडवून आणण्याची तारीख घरात सर्वांना ठाऊक असावी.

खाजगी सावकाराकडे जाण्याची वेळ आलीच, तर त्याच्याजवळ परवाना आहे की नाही ते आधी पाहावे. महाराष्ट्रात २०१४ च्या अधिनियमाप्रमाणे परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा आहे. कर्जाच्या बदल्यात घराचे खरेदीखत लिहून मागणाऱ्याच्या दारात पुन्हा पाऊल ठेवू नये.

‘सरळ बारा टक्के’ या शब्दांनीही फसू नये. पाच लाखांवर वर्षाचे साठ हजार व्याज आधीच मिळवून त्याचे बारा समान हप्ते पाडले, तर हप्ता ४६,६६७ रुपयांचा होतो. दर महिन्याला मुद्दल घटत असता व्याज मात्र पूर्ण रकमेवर घेतले गेल्यामुळे खरा दर वर्षाला सुमारे साडेएकवीस टक्के पडतो! म्हणून व्याज घटत्या शिलकेवर आहे काय, हा प्रश्न सहीपूर्वी विचारलाच पाहिजे.

सिमेंटची मुदत वाढवता येते, घटवता येत नाही

अल्पमुदतीच्या कर्जाचा एक धोका हिशेबाच्या वहीत दिसत नाही. व्याजाचे दिवस भरू लागले की मालकाला घाई सुटते, आणि ती घाई कंत्राटदाराकडून मजुरांपर्यंत पोहोचते. परंतु काँक्रीटला बँकेची दिनदर्शिका ठाऊक नसते. भारतीय मानक ४५६ नुसार, साध्या सिमेंटचे काम असता, साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्यावरील स्लॅबखालचे टेकू निदान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे निदान १४ दिवस ठेवावे लागतात. सहा मीटरपर्यंतच्या तुळईखाली १४ दिवस, तर त्याहून लांब तुळईखाली २१ दिवस टेकू हवेत. मिश्र सिमेंट असेल, तर अभियंता सांगेल तितके दिवस अधिक. काँक्रीटच्या ताकदीची कसोटी तर २८ दिवसांनी घेतात. या काळात पाणी मारणे थांबवले किंवा टेकू लवकर काढले, तर पाच हजारांचे व्याज वाचवताना पाच लाखांची तुळई कमकुवत होते. आणि तिच्याखाली आपलीच मुले निजावयाची असतात.

यास्तव मुदत ठरवताना कामाचे दिवस अभियंत्याकडून घ्यावे, त्यांत पावसाळ्याचा आणि मजुरांच्या टंचाईचा काळ मिळवावा, आणि जो आकडा येईल त्यापुढे आणखी तीन-चार महिने धरावे. कर्जाची मुदत कामाने ठरवावी. कामाची मुदत कर्जाला ठरवू देऊ नये.

पलीकडचा तीर

फेडीची रक्कम म्हणून काय धरावे? ठेवीची मुदतपूर्ती, निवृत्तीची देय रक्कम, विम्याची पक्व रक्कम, यांना तारीख असते. गावाकडची जमीन विकली जाईल, धाकटे बंधू परदेशातून पाठवतील, धंद्यात तेजी येईल, ह्या आशा आहेत. आशेवर घर चालते, कर्ज फिटत नाही. ज्या कुटुंबापाशी तारीखवार येणारा पैसा नाही, त्याने व्याज अधिक पडले तरी पाच-सात वर्षांच्या हप्त्यांचे कर्ज घेणेच शहाणपणाचे. तारीख असली तरीही, रक्कम लांबल्यास हे कर्ज मासिक हप्त्यांत बदलून मिळेल काय, हे बँकेकडून आधीच लिहून घ्यावे.

सही करण्यापूर्वी

१ ऑक्टोबर २०२४ पासून बँका व वित्तीय कंपन्या यांनी प्रत्येक नव्या किरकोळ कर्जाच्या ग्राहकाला कर्जातील मुख्य बाबींचे विवरणपत्र देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. त्यात सर्व शुल्के धरून वर्षाचा खरा दर दिलेला असतो. दोन बँकांची तुलना त्याच आकड्यावरून करावी. बदलत्या व्याजदराचे कर्ज व्यक्तीने धंद्याव्यतिरिक्त कारणासाठी घेतले असेल, तर मुदतीपूर्वी फेडल्याबद्दल बँकेला दंड घेता येत नाही. स्थिर दराच्या कर्जात मात्र ही अट वाचून पाहावी. घर तारण ठेवले असेल, तर संपूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत मिळाली पाहिजेत. बँकेच्या दोषामुळे उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत राहत्या घराच्या दुरुस्तीच्या कर्जावरील व्याजाची वजावट वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतच मिळते. तेव्हा करसवलतीच्या भरवशावर कर्ज मोठे करू नये.

शेवटी एक घरगुती सूचना. कर्जाची बोलणी बहुधा एकट्या कर्त्या पुरुषाच्या डोक्यात राहतात. तसे होऊ देऊ नका. एका वहीत डाव्या पानावर उचललेली रक्कम व तारीख, उजव्या पानावर पुरे झालेले काम व दिलेले पैसे, आणि पहिल्याच पानावर फेडीची तारीख मोठ्या अक्षरांत लिहा. ती वही पत्नीने, मिळवत्या मुलामुलींनी, जमल्यास वृद्ध आईवडिलांनीही पाहावी. छप्पर सर्वांच्या डोक्यावर आहे, तेव्हा त्याचा हिशेबही सर्वांच्या डोळ्यांपुढे असावा.

पहिल्या पावसाची सर जेव्हा दुरुस्त छपरावर वाजेल, तेव्हा माजघरात कोठेही बादली ठेवावी लागणार नाही. त्या रात्री घरच्यांना स्वस्थ झोप लागावी, आणि बँकेच्या तारखेनेही ती मोडू नये, एवढी तयारी पहिली वीट हलवण्यापूर्वीच आपल्याला करता येते.