पेशींसाठी परांची

नवी इमारत उभी राहताना तिच्याभोवती बांधलेली बांबूंची परांची तुम्ही पाहिली असेल. काम संपले की परांची उतरवतात. इमारत उभी राहते. प्रयोगशाळेत शरीराची ऊती घडवतानाही अशीच एक परांची लागते.

१९०७ साली एच. व्ही. विल्सन या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञांनी जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळला. त्याच्या पेशी सुट्या होऊन पाण्यात पडल्या. पण काय आश्चर्य! त्या एकमेकींना चिकटल्या, त्यांचे पुंजके झाले आणि त्यांतून पुन्हा छोटे स्पंज तयार झाले.

सपाट बशीत वाढवलेल्या पेशी मात्र पातळ थरात पसरतात. कूर्चेच्या पेशी तर तेथे चपट्या होतात आणि कूर्चेचे द्रव्य बनवणे हळूहळू सोडून देतात. १९८२ मध्ये असे आढळले, की त्याच पेशी मऊ जेलमध्ये ठेवल्या तर त्या गोल होऊन आपले मूळ काम पुन्हा सुरू करतात. शरीरात पेशीला चहूबाजूंनी आधार असतो, बशीत तो एकाच बाजूने मिळतो.

मग पेशींचा मोठा गोळाच का करू नये? अडचण प्राणवायूची आहे. रक्तवाहिन्या नसतील तर प्राणवायू ऊतीत जेमतेम ०.१ ते ०.२ मिलिमीटर झिरपतो. पुंजका अर्ध्या मिलिमीटरहून मोठा झाला, की मधल्या पेशी मरू लागतात.

म्हणून सच्छिद्र परांची हवी. ती कोलॅजेन या प्रथिनाची किंवा शरीरात विरघळणाऱ्या प्लॅस्टिकची करतात. पेशी छिद्रांत वसतात, पोषकद्रव आतपर्यंत पोहोचतो. पेशी स्वतःचे द्रव्य विणू लागतात, तसतशी परांची विरघळत जाते.

अमेरिकेतील अँथनी अटाला यांनी रुग्णांच्याच पेशी अशा परांचीवर वाढवून सात तरुण रुग्णांच्या मूत्राशयांना जोडल्या. हे काम २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. मूत्राशय पोकळ व पातळ भिंतीचे असल्याने हे जमले. तरीही पुढील एका चाचणीत मुलांना अपेक्षित लाभ झाला नाही आणि काहींना गंभीर त्रास झाला, असे २०१४ मध्ये कळले. यकृतासारख्या जाड अवयवाला तर आत रक्तवाहिन्यांचे जाळेच हवे. ते कसे विणावे, हाच आजचा मोठा प्रश्न आहे.

आता एक गणित करा. गोळ्याचा व्यास दुप्पट केला तर पृष्ठफळ किती पट होईल आणि घनफळ किती पट? मधल्या पेशी उपाशी का राहतात, ते तुम्हांला लगेच उमगेल.